प्रति: पद्मिनीला इलेक्ट्रिक फॅन
प्रीमियर पद्मिनीचं इंजिन थंड ठेवायला रेडिएटरवर मारुती ८०० चा इलेक्ट्रिक फॅन टाकून थेट स्विच दिला की झालं, असं वर कुणीतरी म्हटलंय. फॅनबद्दल सहमत, स्विचबद्दल अजिबात नाही. रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज हवाच, नाहीतर डॅशबोर्डखालची जुनी वायर आधी वितळेल.

पण चार्जिंगचा विषय कुणी काढलाच नाही. गाडीत अजून डायनामो (बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर) असेल तर आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, तो जवळपास काहीच करंट देत नाही, आणि फॅन लागतो नेमका तेव्हाच. खंबाटकी घाटात रात्री ट्रकांमागे अडकलात की फॅन, हेडलाइट सगळा भार बॅटरीवर. आमच्या साताऱ्याच्या वायरमननं आधी डायनामोच्या जागी अल्टरनेटर (आयडलिंगलाही करंट देणारा जनरेटर) बसवला, मगच फॅनला हात लावला. आणि हो, फॅन रेडिएटरच्या पुढे लावणार असाल तर हवा आत ढकलण्यासाठी नुसत्या वायरी उलट्या करू नका. फिरेल उलटा, पण पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला राहून हवा कमी फेकेल.