निळ्या टिका बंद ठेवाव्यात का?

शब्दवेल्हाळ:
व्हॉट्सअॅपवरच्या निळ्या टिका प्रत्येकाने बंद ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे. २०१४ च्या नोव्हेंबरात त्या आल्या आणि 'वाचलंस, मग उत्तर का नाही?' असा जाब विचारायची सोय झाली. वाचणं आणि उत्तर देणं ही दोन वेगळी कामं आहेत. रांगेत उभं राहून मेसेज वाचता येतो, पण त्यात नाजूक काही विचारलं असेल तर तिथूनच नीट उत्तर देता येत नाही. एक करडी टिक म्हणजे मेसेज गेला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. एवढं पुरे. सेटिंग्ज, प्रायव्हसी, तिथे 'रीड रिसीट्स'चं बटण बंद करा.

उत्तररात्र:
असहमत. बटण बंद केलं की नेमकं काय होतं ते आधी बघा. तुम्हालाही इतरांच्या निळ्या टिका दिसत नाहीत. तुमचं स्टेटस कुणी पाहिलं तेही कळत नाही. ग्रुपमध्ये मात्र टिका चालूच राहतात: पाठवणारा मेसेज दाबून धरतो, 'इन्फो' उघडतो आणि कुणी किती वाजता वाचलं ते नावांसकट वाचतो. व्हॉइस मेसेज ऐकला की त्याचीही खूण निळी होतेच. शिवाय 'ऑनलाइन' ही सेटिंग वेगळी आहे. म्हणजे माणूस ऑनलाइन दिसतो, टिका करड्याच राहतात आणि समोरच्याला वाटतं की आपल्याला मुद्दाम टाळलं जातंय. रुसवा कमी होत नाही, उलट वाढतो.

कोरापाट:
धागाकर्त्याला +१. 'लास्ट सीन अँड ऑनलाइन' प्रायव्हसीतच आहे, तेही बंद करा. ज्यांना टिका चालू ठेवायच्या आहेत त्यांनी नोटिफिकेशनच्या पट्टीतच मेसेज वाचावा, चॅट उघडली नाही तर टिक निळी होत नाही. 'मार्क अॅज अनरीड' केल्याने मात्र निळी टिक परत करडी होत नाही, ती खूण फक्त आपल्या आठवणीसाठी असते.

माजघर:
दोन्ही बाजू लपायच्या जागा शोधताहेत. मूळ दुखणं मेसेज लिहिण्यात आहे. 'हाय', मग 'आहेस का?', मग 'एक काम होतं': फोन तीनदा वाजला आणि उत्तर द्यावं असं एकातही काही नाही. त्याऐवजी एकाच मेसेजमध्ये 'अहवालाचं दुसरं पान तपासून हवंय, शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत चालेल' असं लिहा. काय हवंय आणि कधीपर्यंत, हे दोन्ही कळलं की टिकेकडे कुणी बघत बसत नाही.

आणखी एक घोळ नेहमी होतो. पाठवलेला मेसेज १५ मिनिटांच्या आत बदलता येतो, पण बदलल्यावर समोरच्याला नवीन नोटिफिकेशन जात नाही. भेटीची वेळ ५ ची ४ केलीत आणि त्याने आधीच वाचलं असेल, तर तो ५ लाच येणार. वेळ, रक्कम, पत्ता बदलला तर नवा मेसेजच पाठवा.

उत्तररात्र:
मेसेज नीट लिहावा हे मान्य. पण औषधाची मात्रा बदलल्याचा मेसेज कितीही नीट लिहिला तरी तो वाचला गेला की नाही हे कळायलाच हवं. टिका बंद असतील तर दर वेळी फोन करावा लागेल.

शब्दवेल्हाळ:
औषधाच्या बाबतीत तर टिकेवर मुळीच विसंबू नये! चॅट स्क्रीनवर उघडी असेल तर मेसेज येताक्षणी टिक निळी होते, मग फोन घरातल्या पोराच्या हातात का असेना. निळी टिक म्हणजे चॅट उघडली गेली, इतकंच. मजकूर कळला याची ती पावती नव्हे. अशा मेसेजच्या शेवटी 'नवीन मात्रा मला परत लिहून पाठव' असं लिहा. आकडा परत आला की खात्री, नाही आला तर फोन.

माजघर:
आकडा परत लिहून मागवायची रीत उत्तम, आजपासून सगळ्यांनी वापरावी. तरी टिका सरसकट बंद करायला माझा विरोध आहे. एकटं राहणाऱ्या वयस्कर माणसाला टाइप करणं जड जातं, पण चॅट उघडणं जमतं. तिथे सकाळच्या मेसेजवरची निळी टिक उपयोगाचीच आहे. आणि दुपारपर्यंत एकच करडी टिक दिसली तर फोन बंद आहे किंवा नेट नाही असं धरून थेट कॉल करावा, लागला नाही तर शेजाऱ्यांना.