ता प्रोह्म: झाडं ठेवायची की देऊळ?

रानवाटा
गेल्या महिन्यात कंबोडियाला जाऊन आलो. अंगकोरच्या ता प्रोह्म देवळाबद्दल सगळे भरभरून बोलतात, माझी मात्र तिथे चिडचिड झाली. सातव्या जयवर्मन राजाने ११८६ मध्ये आईला अर्पण केलेला हा बौद्ध मठ. शिलालेखात ६१५ नर्तकींची नोंद आहे. आणि आपण बघतो काय? छतावर ठाण मांडून बसलेलं झाड आणि त्याच्यापुढे फोटोची रांग. मुळांच्या फटीतून एका देवतेचा चेहरा तेवढा दिसतो, बाकी सगळी मुळांनी गिळलेली. आपल्याकडे बुरुजात वीतभर पिंपळ दिसला तरी संवर्धनवाली पोरं उपटून टाकतात. इथे ३७ डॉलर मोजून पडझड बघायची, ही कसली हौस? झाडं काढा, देऊळ उभं करा.

मावळतीकर
वीतभर पिंपळ उपटणं वेगळं हो. ही बांधणी बिनचुन्याची, दगडावर नुसता दगड. स्पुंगच्या मुळांनी (तिकडे त्या झाडाला स्पुंगच म्हणतात, आपल्या पश्चिम घाटातही ते आहे) फटीत शिरून दगड सरकवले, मान्य. पण आता तीच मुळं त्यांना आवळून उभी आहेत. झाड तोडलंत तर मूळ कुजणार, पोकळी राहणार, भिंत खाली. ज्याने मोडलं त्याच्याच आधारावर उभं आहे सगळं. आणि खरं सांगा, तुम्ही तरी गेलात ते झाडाचा फोटो बघूनच ना?

रानवाटा
फोटो बघूनच गेलो, नाही कशाला म्हणू. पण झाड काय अमर आहे? एका वादळात आडवं झालं की छतासकट जाईल. तिथल्याच बाफुओन देवळाचे जवळपास ३ लाख दगड परत रचायला म्हणून सुटे केले होते. मध्ये यादवी पेटली, कुठला दगड कुठला याच्या नोंदीही गेल्या. तरी २०११ ला ते उभं राहिलं. जमतं की!

ओसरी
जमतं, पण काम सुरू झालं होतं १९६० मध्ये, तेही सांगा. दुसरं म्हणजे 'जंगलाने गिळलेलं' हे निम्मंच खरं. बाकीची देवळं मोकळी करताना फ्रेंच अभ्यासकांनी हे एक मुद्दाम तसंच ठेवलं. तेव्हापासून झुडपं छाटणं, टेकू देणं चालूच आहे. जिथे फोटो काढता ते लाकडी फलाटही मुळं तुडवली जाऊ नयेत म्हणूनच. आणि गेली वीसेक वर्षं तिथे आपलंच पुरातत्त्व खातं काम करतंय, नर्तकींचा मंडप त्यांनीच सावरलाय. याच खात्याने १९८६ ते ९३ मध्ये अंगकोर वाटवर रसायनं वापरून सफाई केली, तेव्हा केवढी टीका झाली होती! त्यामुळे 'काढा, उभं करा' इतकं सोपं नाही.

भटकभवानी
ज्यांना खरंच रान बघायचंय त्यांनी बेंग मेलिआच्या देवळात जावं. नुसता ढिगारा. गोपुर कुठलं, ग्रंथालय कुठलं, काही कळत नाही. शेवाळलेल्या दगडांवरून लाकडी वाट नेलीय, तिच्यावरून गुपचूप चालायचं. मला तर तेच आवडलं. (पावसाळ्यात गुळगुळीत चपला घालून जाऊ नका, मी आपटलेय.)

रानवाटा
नर्तकींचा मंडप पाहिला मी. तो सावरलेला आहे हे कळलंच नाही, पाटी वाचायला थांबलो नव्हतो. ठीक, झाडं सरसकट तोडा हे मागे घेतो. पण ती फटीतली देवता? मूळ जाड होतच राहणार. मग तिचं काय, मावळतीकर?

मावळतीकर
तिथे माझ्याकडेही उत्तर नाही.