लिमिट होल्डेम: हातात बादशहाची जोडी, फ्लॉपवर एक्का. पान टाकायचं का?

कृष्णाकाठ (सांगली):
विश्रामबागला शनिवारी जे डाव होतात (चिप्सवर, पैसे नाहीत), तिथं हा वाद संपतच नाही, म्हणून आकड्यांसकट मांडतो. होल्डेम हा पोकरचा प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पानं, आणि बोर्डवर सगळ्यांसाठी आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). लिमिट म्हणजे बेट ठरलेल्या रकमेचीच. ब्लाइंड (वाटपाआधी दोघांनी टाकायची सक्तीची बेट, त्या दोघांनाही स्मॉल आणि बिग ब्लाइंडच म्हणतात) ५ आणि १०. फ्लॉपपर्यंत बेट १० ची, टर्न-रिव्हरला २० ची. तुम्ही बटणावर (फ्लॉपपासून शेवटी बोलायची जागा), हातात बादशहाची जोडी. सुरुवातीच्या जागेवरून एकानं रेझ करून (बेट वाढवून) २० केले, तुम्ही ३०. तो आणि दोन्ही ब्लाइंड आले. पॉट (मधे जमलेली रक्कम) १२०. फ्लॉपला इस्पिक एक्का, चौकट सत्ती, किलवर दुर्री. स्मॉल ब्लाइंड चेक (काही न लावता पाळी पुढं), बिग ब्लाइंड १०, पहिल्या रेझवाल्यानं २० केले. पाळी तुमची.

माझं मत: सोडा, विचारच करू नका. तुम्ही रेझ करून मागं बसलाय हे माहीत असून बिग ब्लाइंड पुढं होऊन बेट लावतोय, आणि त्याच्यावर दुसरा वाढवतोय. दोघांपैकी कुणाकडंच एक्का नाही असं धरायला आधार काय? मग तुम्हाला वाचवणारी पानं उरली दोन. टर्नला बादशहा पडायची शक्यता ४७ मध्ये २, म्हणजे ४.३ टक्के.

अजिंक्यतारा (सातारा):
अजिबात पटलं नाही. मधे १५० पडलेत आणि तुम्ही द्यायचेत २०. शंभरात बारा वेळा पुढं असलात तरी कॉल (समोरच्याइतके टाकून डावात राहणं) वसूल. नो-लिमिट (हवी तेवढी बेट लावता येते तो प्रकार) खेळून आलेले इथंच चुकतात. तिथं एका चुकीच्या कॉलमध्ये अख्खी रास जाते, लिमिटमध्ये जाते एक बेट. उलट चुकून सोडलं तर पूर्ण पॉट दुसऱ्याच्या पदरात. बादशहाची जोडी असताना फ्लॉपवर एक्का शंभरात २२-२३ वेळा येतोच, दर वेळी पळणार का? रेझवाल्याकडं राणीची किंवा गुलामाची जोडीही असू शकते, बाकीच्यांना हुसकावून बिग ब्लाइंडला एकटं गाठायला तो वाढवतोय.

कृष्णाकाठ:
बारा टक्के हा भाव एका बेटचा झाला. तुम्ही काय टर्नला पान टाकणार आहात? पत्ते उघडेपर्यंत जायचं तर २० अधिक २० अधिक २०, तुमचे ६० लागतात. बिग ब्लाइंड सुटला आणि रेझवाला दोन्ही वेळा बेट लावत राहिला असं धरा, शेवटचा पॉट २५०. म्हणजे २४ टक्के वेळा जिंकायला हवं. आणि हा झाला स्वस्तातला हिशोब, कारण बिग ब्लाइंड अजून मागं आहे. तो ३० करू शकतो.

आता रेझवाल्याचे हात मोजा, म्हणजे त्याच्याकडं कोणती दोन पानं किती प्रकारे असू शकतात ते. फ्लॉपआधी त्यानं ४० केले नाहीत, तरी एक्का-बादशहा धरू. तुमच्याकडं दोन बादशहा आणि बोर्डवर एक एक्का, म्हणून ते ६ च उरतात. एक्का-राणी १२, एक्का-गुलाम १२. एकूण ३०. राणी, गुलाम, दश्शी यांच्या जोड्या १८, पण त्यातल्या किती जणी एक्क्यावर वाढवतील? तिसरा हिस्सा दिला तरी ६. छत्तीसात सहा.

मिरजेचा वजीर:
कृष्णाकाठ, त्यात रिव्हरपर्यंत बादशहा पडायचे ८.४ टक्के मिळवायला हवेत. मागं असताना ते तुमचे, आणि पुढं असताना समोरच्यालाही तेवढीच संधी. सगळं धरून तुमचा हात २२ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे फक्त रेझवाला असता तर हा प्रश्न काठावरचा होता, बिग ब्लाइंड मागं जिवंत आहे म्हणून तो सोडायचा ठरतो. “विचारच करू नका” हे मात्र चूक.

सांगलीत आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. चाळीसला कुणी घर सोडत नाही, सामान वर ठेवतात. नुसता एक्का पडणं म्हणजे चाळीस फूट. एकाची बेट आली तरी कॉल करा. बेटवर रेझ आली, आणि दोघंही सहसा हात नसताना बेट न लावणारे असले, की पंचेचाळीस.

अजिंक्यतारा:
त्या ‘सहसा’वरच सगळं आहे. प्रत्येक फ्लॉपला रेझ करणारा गडी असेल तर तिसरा हिस्सा नाही, निम्म्या जोड्या धरा. ३९ मध्ये ९, आणि २२ चे २७ होतात. मग मी सोडणार नाही.

चांगला हात सोडायची खरी जागा फ्लॉपआधीची आहे, आणि तिथं सगळे ढिले पडतात. एक्का-राणी, वेगवेगळ्या रंगांची. पुढून २० आले, त्यावर ३० आले, तुम्ही अजून काहीच टाकलेलं नाही. ३० करणारा दश्शीपासूनच्या जोड्या, एक्का-बादशहा आणि एक्का-राणी एवढंच खेळतो असं धरा. तुमची दोन पानं वजा करून त्याचे ४५ हात उरतात. त्यातल्या २४ हातांत (एक्के, बादशहा, राणीच्या जोड्या आणि एक्का-बादशहा) तुमचं निदान एक पान निकामी असतं. एक्का पडला की तुम्ही जोडी घेऊन एक्का-बादशहाला शेवटपर्यंत पैसे भरत बसता. टाका ती.

कृष्णाकाठ:
इथं सहमत, पण बिग ब्लाइंडला असाल तर? १० आधीच गेलेत. पॉट ६५, द्यायचे २०, म्हणजे साडेतेवीस टक्के. शिवाय पहिला रेझवाला परत ४० करू शकतो.

अजिंक्यतारा:
एकाच रंगाची असेल तर येईन. नाहीतर ते १० गेले असं समजायचं.