नववीत नाटक हा विषय घ्यावा का? मुलीला रंगमंचावर नव्हे, विंगेत उभे राहायचे आहे

गोदाकाठ (प्रश्न)

माझी मुलगी आयसीएसई मंडळाच्या शाळेत आठवीत शिकते. नववीला जाताना तिसऱ्या गटातला एक विषय निवडावा लागतो आणि तो दहावीच्या परीक्षेपर्यंत सोबत राहतो. वर्गातील बहुतेक मुलांनी कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सवर खूण केली आहे; हिने मात्र परफॉर्मिंग आर्ट्स, आणि त्यातही नाटक, असे लिहून अर्ज माझ्यासमोर सहीला ठेवला. आमच्या घरात नाटकाचे वावडे नाही. माझे सासरे कालिदास कलामंदिरात लागलेले नाटक सहसा चुकवत नसत आणि नातीला शेजारच्या खुर्चीत बसवूनच त्यांनी तिला ही गोडी लावली. त्यामुळे 'नाटकबिटक कशाला' असा माझा प्रश्न नाही, हे आधीच सांगते.

अडचण अशी की तिला अभिनय करायचा नाही. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात ती प्रॉम्प्टर होती. रंगीत तालमीच्या दिवशी आजोबांचे काम करणाऱ्या मुलाची काठी सापडेना, तेव्हा सगळे एकमेकांवर ओरडत असताना हिने झाडूच्या दांड्याला तपकिरी कागद गुंडाळून दोन मिनिटांत काठी तयार केली. तिच्या वहीत प्रत्येक प्रवेशाचा नकाशा आहे. कोण कुठल्या विंगेतून येतो आणि कोणत्या वाक्याला कुठे सरकतो, हे बाणांनी दाखवलेले आहे. पण चार जणांसमोर बोलायची वेळ आली की तिचा आवाज बसतो.

अशा मुलीला या विषयात गुण मिळतील का, दोन वर्षे नेमके शिकवतात काय, आणि अकरावीला विज्ञान शाखा घ्यायची झाल्यास संगणक न घेतल्याचा तोटा होईल का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाचनतालीम

ताई, मी गेली अकरा वर्षे शाळेत नाटक शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: राज्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत अकरावी विज्ञानाच्या प्रवेशासाठी दहावीला संगणक घेतलेला असण्याची अट नसते. ती काळजी सोडून द्यावी.

स्नेहसंमेलनातील नाटक आणि विषय म्हणून शिकवले जाणारे नाटक यांत मात्र पुष्कळ अंतर आहे. संमेलनात एक प्रयोग चांगला व्हायचा असतो, म्हणून खणखणीत आवाजाच्या मुलाला मोठी भूमिका मिळते आणि उरलेली मुले झाडे किंवा गावकरी होतात. तासाला प्रयोग नसतो. पहिल्या आठवड्यात मी वर्गासमोर एक रिकामी खुर्ची ठेवतो आणि एकेका मुलाला सांगतो की तू इथे बसून कोणाची तरी वाट पाहत आहेस, बोलायचे नाही, कोणाची ते वर्गाने ओळखायचे. पहिली पाचसहा मुले हमखास मनगटावरचे घड्याळ पाहतात आणि येरझाऱ्या घालतात. यंदा एक मुलगी आली, खुर्चीच्या अगदी कडेवर बसली, दप्तर मांडीवर घट्ट धरले आणि कोणी तरी शेजारी येऊन बसल्यासारखी किंचित सरकली. तिचे लक्ष बंद दारावर होते. मागच्या बाकावरून आवाज आला, "दवाखाना!" तिने काय केले आणि काय केले नाही, यावर आम्ही उरलेला तास बोललो. संवादाच्या मागे दडलेला अर्थ, हालचालीचे कारण, रंगमंचावरच्या अंतराला येणारा अर्थ, हे सारे पुढे त्या खुर्चीतूनच शिकवता येते.

इतिहासाचेही तसेच आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला 'सीता स्वयंवर' सादर केले, हे वाक्य मुले एका दमात पाठ म्हणून दाखवतात. विजेचे दिवे नसताना त्या प्रयोगात राक्षसाचे तोंड प्रेक्षकांना कसे दिसले असेल, असे विचारले की वर्ग एकदम जागा होतो. कोणी मशाली सुचवतो, कोणी चेहऱ्यावरचे भडक रंग, आणि रंगभूषेचा धडा आपोआप सुरू होतो. आपल्या मुलीची नकाशांची वही अशा वर्गात फार मोलाची ठरेल, कारण रंगमंचाचा आराखडा काढून तो पटवून देणे बहुतेक मुलांना जड जाते.

आता सावधगिरीचे दोन शब्द. तिसऱ्या गटातील विषयांत निम्मे गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. त्यामुळे शिकवणारी व्यक्ती कोण आणि ती काय करून घेते, यावर निम्मी बाजू अवलंबून असते. अंतर्गत कामात कशाला किती गुण आहेत, हे शाळेकडून लेखी मागून घ्यावे आणि शक्य झाल्यास एक तास प्रत्यक्ष बसून पाहावा. थोडाफार अभिनय तिला करावा लागेल, हेही गृहीत धरावे. मला त्यात वाईट काही वाटत नाही. ज्याने कधी डोळ्यांवर प्रकाश घेऊन चार वाक्ये म्हटलेली नाहीत, त्याला नटाच्या तोंडावर दिवा कुठून टाकावा हे अर्धेच कळते.

मुठेकाठचा बाबा

आमच्या मुलाने केंब्रिजच्या आयजीसीएसई अभ्यासक्रमात नाटक घेतले होते. मंडळ वेगळे असल्याने तपशील जुळणार नाहीत, परंतु कामाचा भार कसा असतो, याची कल्पना यावी म्हणून लिहीत आहे.

तिथे साठ टक्के गुण प्रात्यक्षिकाला आणि चाळीस टक्के अडीच तासांच्या लेखी परीक्षेला होते. प्रात्यक्षिकात तीन सादरीकरणे असतात: एक एकट्याचे, एक नाटकातील उताऱ्यावर आधारलेले गटाचे आणि एक गटाने स्वतः रचलेले. त्यांचे चित्रीकरण होते. एकट्याच्या सादरीकरणात चिरंजीव निभावले. गटाच्या वेळी मात्र घरात तापमान वाढले. पाच मुलांच्या गटात एक जण तालमीला सतत दांडी मारत असे, दुसऱ्याला प्रत्येक प्रवेशात विनोद हवा असे, आणि आमचा मुलगा रात्री अकरा वाजता फोनवर दोघांची समजूत घालत बसे. पाच-सहा आठवडे शाळा सुटल्यावरही तालमी चालत, त्यामुळे गणिताची शिकवणी मागे पडली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण 'नाटक म्हणजे हलका विषय' अशा समजुतीने तो कोणी घेऊ नये.

लेखी परीक्षेचे मात्र मला कौतुक वाटले. दिलेला प्रवेश तुम्ही कसा उभा कराल, अमुक वाक्याच्या वेळी पात्र कुठे असेल आणि का, अशा धाटणीचे प्रश्न असत. 'का' लिहिले नाही की गुण गेले. सरावाच्या एका उत्तरपत्रिकेत त्याने 'इथे निळा प्रकाश असावा' एवढेच लिहिले होते आणि शिक्षिकेने समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढले होते. ते प्रश्नचिन्ह त्याने पुढे दोन वर्षे मनात बाळगले असावे. आता तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो आहे आणि जेवणाच्या टेबलावर आम्हालाच 'का' विचारतो.

आपल्या मुलीच्या आवाजाबद्दल बोलायचे तर आमचाही बोलका नव्हता. आजही तो फार बोलत नाही. बोलायची वेळ आली तर पळत नाही, इतकाच फरक पडला.

तिसरी घंटा

मी प्रकाशयोजना करून पोट भरतो, म्हणून वरच्या दोघांपेक्षा थोडे वेगळे मत मांडतो.

दहावीला नाटक घेतले होते का, असे मला आजवर कोणीही विचारलेले नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी आणि किमान सहा नाटकांतील कामाचा अनुभव लागतो. पुण्याच्या ललित कला केंद्रात किंवा मुंबई विद्यापीठाच्या नाट्यकला विभागात जायचे झाले, तरी शाळेतील तिसऱ्या गटाचा विषय कोणी तपासत नाही. राज्य मंडळाच्या मराठी शाळांत तर दहावीला नाटक हा परीक्षेचा विषयच नाही, तरीही आपल्या रंगभूमीवर माणसे आली ती बहुतांशी याच शाळांतून. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांनी मुलांकडून नाटके करून घेतली ती कोणत्याही अभ्यासक्रमाशिवाय. मी स्वतः राज्य बालनाट्य स्पर्धेत एका केंद्रावर पडदा ओढायला गेलो होतो. तेथील दिवे सांभाळणाऱ्या मामांनी मला डिमरच्या, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राच्या, दांडीवर हात ठेवू दिला आणि म्हणाले, "हळू. सूर्य मावळतोय, बल्ब उडत नाहीये." माझे शिक्षण तिथे सुरू झाले.

दुसरे असे की संगणक हा नाटकाचा शत्रू नाही. आज बऱ्याच नाटकांचे प्रकाशाचे क्यू, म्हणजे कोणत्या क्षणी कोणता दिवा याच्या सूचना, आधी भरून ठेवलेले असतात आणि संगीतही लॅपटॉपवरून सुटते. शाळेत संगणकाच्या तासाला शिकवली जाणारी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा त्यासाठी लागत नाही, हे खरे. पण यंत्राची भीती नसणे फार उपयोगाचे पडते. शाळेतील शिक्षक मनापासून शिकवणारे असतील तर नाटक घ्यावे. विषय केवळ माहितीपत्रकात शोभेसाठी छापलेला असेल, तर मुकाट्याने संगणक घ्यावा आणि मुलीला सुटीत एखाद्या हौशी संस्थेच्या तालमीला पाठवावे. ती विंगेत पोहोचायची ती पोहोचेलच.

वाचनतालीम

तिसरी घंटा, आपल्या मामांना माझा नमस्कार. तरीही स्पर्धांबद्दल मी आपल्याइतका निश्चिंत नाही. बालनाट्याच्या स्पर्धांना मी बऱ्याचदा प्रेक्षक म्हणून बसलो आहे. तिथे पुष्कळशी मुले वाक्याच्या शेवटी एकाच पट्टीत आवाज चढवतात, मान एकाच बाजूला झुकवतात आणि परीक्षकांकडे पाहून रडतात, कारण दिग्दर्शकाने तसे बसवलेले असते. त्या सवयी मोडायला मला पुढे वर्ष लागते. पडदा ओढणारा मुलगा या तावडीतून सुटतो, हे मात्र मान्य; बहुधा म्हणूनच आपण वाचलात.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वाचनतालीम सरांच्या सल्ल्याप्रमाणे मुख्याध्यापिकांची परवानगी घेऊन सोमवारी नववीच्या तासाला मी आणि मुलगी मागच्या बाकावर बसलो.

शिक्षिका तरुण आहेत. बाके भिंतीला सरकवून त्यांनी फरशीवर खडूने एका घराची खोली आखली होती: दार, खिडकी, पलंग. भाऊ-बहिणीचा एक छोटा प्रवेश मुलांनी दोनदा वाचला आणि मग उभे राहून केला. दोन्ही वेळा बहीण दारातून आत आली की भाऊ तिच्याआड झाकला जात होता. बाई काही बोलल्या नाहीत, मुलांना पुन्हा करायला सांगितले. तिसऱ्यांदा तेच झाले तेव्हा माझ्या शेजारून, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, "दार त्या भिंतीत का आहे?" असा प्रश्न आला. बाईंनी वळून पाहिले आणि खडू तिच्याकडे धरला. ती उठली, दार पुसले, समोरच्या कोपऱ्यात नवे काढले, आणि जाताजाता पलंगही हातभर मागे सरकवला. पुढच्या वेळी दोघांचेही चेहरे दिसले. एवढे करून ती जागेवर येऊन बसली, तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

प्रत्येकाला वर्षात किमान एकदा पाच मिनिटांची भूमिका करावी लागते, असे बाईंनी तासानंतर स्पष्ट सांगितले. मुलीने घरी येईपर्यंत त्यावर काही म्हटले नाही, रात्री विचारले, "पाच मिनिटांत बसून राहणारे पात्र चालेल का?" तिसरी घंटा यांचा सल्लाही वाया जाऊ दिलेला नाही. जावा शिकवण्याचे आतेभावाने उन्हाळ्यासाठी कबूल केले आहे आणि त्याच्या बदल्यात त्याला रोज आमरस हवा आहे.

अर्ज काल भरला, नाटकावर खूण करून. अंतर्गत गुणांचा तपशील शाळेने तोंडी सांगितला, लेखी अजून दिलेला नाही. तो मिळाला की इथे लिहीन, म्हणजे सरांना नजर टाकता येईल.