मदत हवी आहे: जुना कोल्हापुरी साज गाठवायचा आहे

सासूबाईंनी त्यांचा कोल्हापुरी साज मला दिलाय. जुना, लाखेवरचा, म्हणजे आत लाख आणि वर सोन्याचा पातळ पत्रा. दोरा पार विरलाय, कासवाच्या पानाला (पदकाला) पोचा पडलाय आणि एका जवमण्यातून लाख डोकावतेय. इथल्या सराफाचं एकच पालुपद, 'मोडा आणि नवा घ्या.' मोडीत लाखेचं वजन वजा होणार ते वेगळंच. मला मोडायचा नाहीच आहे.

कोल्हापुरात गुजरीत (सराफ बाजारात) किंवा पुण्यात जुना साज नीट गाठवून देणारे पटवेकरी कोणाला माहीत आहेत का? समोर बसवून करून देणारे असतील तर उत्तम. पोचा काढताना पातळ पत्रा फाटायची भीती असते का? पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, नऊवारीवर हाच घालायचाय. सोबत मोहनमाळ की नुसता साज, तेही सांगा!