डायप्रोटोडॉनचे शास्त्रीय नाव: ऑप्टेटम की ऑस्ट्रॅलिस?

मेघदूत (प्रश्न)
आमच्या विज्ञान मंडळाच्या वार्षिक अंकासाठी मी ऑस्ट्रेलियातील नामशेष महाकाय शिशुधान (पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या) प्राण्यांवर लेख लिहीत आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या प्राण्याचे नाव एका जुन्या प्राणिकोशात ‘डायप्रोटोडॉन ऑस्ट्रॅलिस’ असे दिले आहे, अलीकडच्या लेखनात ‘डायप्रोटोडॉन ऑप्टेटम’ असे आढळते, आणि एके ठिकाणी ‘डायप्रोटोडॉन मायनर’ही दिसले. हे तीन निरनिराळे प्राणी होते की एकाच प्राण्याची तीन नावे आहेत? अंक शाळकरी मुलांच्या हाती जाणार असल्यामुळे चुकीचे नाव छापले जाऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शिलालेख
आपण ‘डायप्रोटोडॉन ऑप्टेटम’ हेच नाव छापावे. न्यू साउथ वेल्समधील वेलिंग्टन गुहांमध्ये १८३० साली या प्राण्याचे जीवाश्म सापडले. मेजर टॉमस मिचेल यांनी ते इंग्लंडला पाठवले आणि त्यांचा अभ्यास करून शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८३८ मध्ये हे नाव दिले. ते नाव एखाद्या शोधनिबंधात नव्हे, तर मिचेल यांच्या प्रवासवर्णनात समाविष्ट केलेल्या ओवेन यांच्या पत्रातून प्रसिद्ध झाले. पुढे १८४४ मध्ये ओवेन यांनीच ‘ऑस्ट्रॅलिस’ हे नाव वापरले आणि ते पुस्तकांतून दीर्घकाळ रूढ राहिले. प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार एकाच जातीला दोन नावे दिली गेली असतील, तर सर्वसाधारणपणे आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य धरतात. त्यामुळे ‘ऑप्टेटम’ वैध ठरते आणि ‘ऑस्ट्रॅलिस’ त्याचे समानार्थी नाव म्हणून नोंदले जाते. ‘डायप्रोटोडॉन’ या वंशनामाचा अर्थ ‘पुढे आलेले दोन दात’ असा असून तो त्याच्या मोठ्या पटाशीच्या दातांवरून आला आहे.

गोदाकाठ
वरील उत्तराला एक महत्त्वाची पुरवणी जोडतो, कारण ‘मायनर’चा प्रश्न केवळ आधी-नंतरच्या नियमाने सुटत नाही. एकोणिसाव्या शतकात ओवेन, मॅककॉय, हक्स्ली आणि क्रेफ्ट या शास्त्रज्ञांनी या वंशात अनेक जाती पाडल्या. ‘मायनर’ हे नाव हक्स्ली यांनी १८६२ मध्ये, आकाराने लहान असलेल्या अवशेषांना दिले. त्या वेळी हाती होते ते बहुतेक सुटे दात आणि जबड्यांचे तुकडे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कॅलाबोना सरोवराच्या चिखलात रुतून मेलेल्या प्राण्यांचे सांगाडे १८९० च्या दशकात उकरून काढले गेले आणि त्यानंतरच पावलांची ठेवण नीट कळली. तुकड्यांवरून जाती ठरवताना आकारातील फरकाला अवाजवी महत्त्व मिळणे स्वाभाविक होते. जीवाश्मशास्त्रज्ञ गिल्बर्ट प्राइस यांनी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाभरातील अवशेषांची तुलना केली तेव्हा दातांच्या रचनेत वेगळ्या जाती मानण्याजोगा फरक आढळला नाही. आकाराचे मात्र दोन गट पडत होते आणि ते पुष्कळ ठिकाणी एकत्रच सापडत होते. यावरून मोठे ते नर आणि लहान त्या माद्या, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आजच्या मोठ्या कांगारूंतही नर मादीपेक्षा बराच थोराड असतो, त्यामुळे मला हा निष्कर्ष पटण्याजोगा वाटतो. म्हणजे ‘मायनर’ ही वेगळी जात नाही. आपल्या लेखात हा भाग अवश्य घ्यावा, कारण नाव का बदलले हे समजले तर मुलांना विज्ञान कसे चालते तेही समजेल.

मेघदूत
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका आहे. वोम्बॅट हा आज हयात असलेला, बिळात राहणारा ठेंगणा शिशुधान प्राणी; मग मथळ्यात ‘महाकाय वोम्बॅट’ असे लिहिले तर चालेल का? शिवाय ‘डायप्रोटोडॉन्शिया’ हा शब्द कांगारूच्या संदर्भातही वाचला, त्यामुळे थोडा गोंधळ झाला आहे.

शिलालेख
‘महाकाय वोम्बॅट’ मी तरी टाळीन. वोम्बॅट आणि कोआला हे डायप्रोटोडॉनचे हयात असलेले सर्वांत जवळचे नातेवाईक आहेत हे खरे, पण तो स्वतः वोम्बॅटच्या कुलातील नव्हता. त्या कुलात फॅस्कोलोनस नावाचा खराखुरा महाकाय वोम्बॅट होऊन गेला आहे आणि मथळ्यामुळे वाचक या दोघांची गल्लत करतील. डायप्रोटोडॉन्शिया हा संपूर्ण गण आहे आणि त्यात कांगारू, पोसम, कोआला, वोम्बॅट हे सारे येतात. डायप्रोटोडॉन्टिडी हे त्याच गणातील एक कुल असून ते आता पूर्णपणे नामशेष झाले आहे. डायप्रोटोडॉन हा त्या कुलातील एक वंश होय. या तिन्ही शब्दांचा उच्चार इतका जवळचा आहे की प्रत्येकाच्या आधी गण, कुल किंवा वंश असे स्पष्ट लिहिणेच बरे. मथळ्यासाठी ‘सर्वांत मोठा शिशुधान प्राणी’ हे निर्विवाद आहे, कारण सुमारे २७०० किलो वजनाचा दुसरा शिशुधान प्राणी आजवर ज्ञात नाही.

गोदाकाठ
छपाईविषयी एक सूचना करतो. रोमन लिपीत वंशनामाचे पहिले अक्षर मोठे आणि जातिनामाचे लहान असते, शिवाय दोन्ही तिरक्या ठशात छापतात. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्यामुळे निदान तिरका ठसा तरी सांभाळावा, आणि पहिल्या उल्लेखात ‘डायप्रोटोडॉन ऑप्टेटम ओवेन, १८३८’ असे पूर्ण लिहावे. जुन्या पुस्तकांत शोध घेणाऱ्यांना अडचण येऊ नये म्हणून ‘ऑस्ट्रॅलिस’चा उल्लेख तळटीपेत ठेवता येईल.