टी पेशीची एमएचसीकडची ओढ उपजत की थायमसने लावलेली?

पेशीवेल्हाळ (धागाकर्ता):
थायमस या छातीतल्या ग्रंथीत घडणाऱ्या बहुतेक टी पेशी (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) तिथेच मरतात. त्यांच्या पृष्ठभागावरचा, लक्ष्य ओळखणारा रिसेप्टर आपल्याच शरीरातल्या एमएचसीला (पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, पेशीवर धरून दाखवणारा रेणू) मुळीच चिकटला नाही तरी मरण, फार घट्ट चिकटला तरी मरण. बेताने चिकटणाऱ्या तेवढ्या तरतात.

माझ्या मते ही ओढ रिसेप्टरच्या रचनेतच आहे. त्याच्या अल्फा आणि बीटा साखळ्यांच्या टोकाला प्रत्येकी तीन मुख्य वळसे असतात. तिसरा वळसा जनुकांच्या तुकडेजोडीत जवळपास सोडतीसारखा ठरतो आणि बहुधा मधल्या पेप्टाइडवर बसतो. पहिले दोन मात्र जनुकात आधीच लिहिलेले, आणि ते सहसा एमएचसीवर टेकतात. १९९६ साली एमएचसीवर बसलेल्या रिसेप्टरच्या पहिल्या स्फटिकरचना मिळाल्या, तेव्हापासून बहुतेक रचनांत हीच तिरकी बैठक दिसते. प्रतिकारशास्त्रज्ञ नील्स येर्ने यांनी अशी उपजत ओढ १९७१ मध्येच सुचवली होती. २००९ मध्ये उंदरांच्या बीटा साखळीत दुसऱ्या वळशापाशी एकेक अमिनो आम्ल बदललं, तर थायमसमधली निवडच खालावली. आणखी काय पुरावा हवा?

खवचट:
असहमत. गुणवत्ता यादीतली मुलं बघून 'सगळी पोरं उपजत हुशार' म्हणण्यातला प्रकार आहे हा. तुमच्या रचना परीक्षा पास झालेल्या रिसेप्टरांच्याच!

प्रतिकारशास्त्रज्ञ आल्फ्रेड सिंगर यांच्या गटाने २००७ मध्ये सीडी४, सीडी८ (रिसेप्टरच्या जोडीने एमएचसीवर बसणारे सहरिसेप्टर) आणि दोन्ही वर्गांचे एमएचसी नसलेले उंदीर वापरले. टी पेशी तरीही पिकल्या, आणि त्यांचे रिसेप्टर एमएचसीविना लक्ष्य ओळखत होते. कारण एलसीके नावाचं, पेशीत संदेश सुरू करणारं एन्झाइम. एरवी ते सीडी४ आणि सीडी८ च्या शेपटांना बांधलेलं असतं, म्हणून सहरिसेप्टर ज्या एमएचसीवर बसलाय त्यावरच रिसेप्टर बसला तर संदेश जातो. सहरिसेप्टर काढा, एलसीके मोकळं, मग एमएचसीविनाही संदेश जातो.

मधलाआळीकर:
थोडं अवांतर. बीटा साखळीची पहिली परीक्षा अल्फा बनण्याआधीच होते. तेव्हा जोडीला बदली साखळी असते, तिला वळशांचा भागच नाही. एवढ्या अर्धवट रचनेवर पेशी पुढे जाते, हे दोघांच्याही मांडणीत आलं नाही. शिवाय गामा-डेल्टा पेशींचं (अल्फा-बीटाऐवजी गामा आणि डेल्टा साखळ्यांचा रिसेप्टर असलेल्या टी पेशींचं) काय? वळसे त्यांनाही आहेत, पण बहुतेकींना नेहमीचा एमएचसी लागत नाही.

पेशीवेल्हाळ:
@मधलाआळीकर, त्यांची व्ही जनुकं (पहिले दोन वळसे ज्यांत लिहिलेले असतात ती) बहुतांशी वेगळी. हे माझ्याच बाजूचं झालं की.

खवचट:
त्यांच्यातल्या बहुतेकींवर सहरिसेप्टरही नसतो, हे सोयीस्करपणे गाळलंत. २०२१ चं काम बघा: उंदरांतले काही रिसेप्टर पेप्टाइड-एमएचसीवर उलटे बसतात. चिकटतात नीट, पण संदेश जात नाही, कारण एलसीके नेमक्या जागी पोचत नाही. नुसत्या चिकटण्यावर निवड होत नाही.

पेशीवेल्हाळ:
म्हणजे बैठक महत्त्वाची, आणि बैठक ठरते रचनेवरून! अमिनो आम्लाच्या प्रयोगाला मात्र तुम्ही बगल दिलीत.

खवचट:
बगल नाही. त्या उंदरांत सीडी४ आणि सीडी८ शाबूत होते. ते काढून तोच बदल केल्यावर निवड खालावली तर बोलू.